पाणी समोर, ऊन पाठीवर

परवा व्हिडिओ कॉलवर ईशानने विचारलं, "आजी, तू पोलिसांत होतीस, तर किती चोर पकडलेस?" मी म्हटलं, एकही नाही. त्याचा चेहरा पडला. मीराने धाकट्या भावाची समजूत घातली, "अरे, आजी पोलिसांचे फोन उचलायची." तेही पुरतं खरं नाही. त्यामुळे इथल्या मराठी मंडळाने दिवाळी अंकासाठी "तुमच्या नोकरीविषयी काही लिहा" म्हटलं तेव्हा मी ठरवलं, की हे तुम्हा दोघांनाच उद्देशून लिहायचं. बाकीच्यांनी खांद्यावरून डोकावून वाचलं तरी माझी हरकत नाही.

माझे वडील सरकारी कचेरीबरोबर नागपूरहून भोपाळला आले आणि तुलसी नगरच्या क्वार्टरमध्ये आम्ही वाढलो. मला कॉन्व्हेंटमध्ये घातलं, मी पदार्थविज्ञान घेऊन पदवी घेतली, आणि पोलिसांच्या दूरसंचार शाखेत लागले. तुमचे आजोबा इंद्रपुरीजवळच्या कारखान्यात इंजिनियर. ते लोकांना सांगायचे, "मी लोखंड घडवतो, ही हवा घडवते." चेष्टाच करायचे, पण त्यात तथ्य होतं. माझं सगळं काम हवेतलं होतं.

ते काम असं. संकटात सापडलेला माणूस फोन करतो. कंट्रोल रूममध्ये तो फोन कोणीतरी घेतं. मग दुसरं कोणीतरी वायरलेसवर गस्तीच्या गाडीला सांगतं, की अमुक ठिकाणी जा. मी लागले तेव्हा या दोन माणसांच्या मधे कागदाची चिठ्ठी होती. फोन घेणारा चिठ्ठीवर लिहायचा, आणि ती हातोहात वायरलेसच्या टेबलावर जायची. फोन करणाऱ्याच्या तोंडातून निघालेला शब्द गाडीतल्या ड्रायव्हरच्या कानापर्यंत जितक्या लवकर आणि जितका धड पोचेल तितकं बरं. माझी सगळी नोकरी हे अंतर कमी करण्यात गेली.

भोपाळमध्ये हे वाटतं तितकं सोपं नाही. गाव टेकड्यांवर वसलेलं आहे आणि मधे तळी. वायरलेसचा आवाज टेकडीआड गेला की अडतो. उन्हात झाडाची सावली पडते तशी टेकडीमागे आवाजाची सावली पडते. म्हणून सर्वांत उंच टेकडीवर एक यंत्र बसवायचं, ते खालचा आवाज झेलून पुन्हा चहूकडे फेकतं. शहर कोलार, नीलबड अशा बाजूंना पसरत गेलं तशा नव्या नव्या सावल्या सापडत गेल्या, आणि मी आणि माझी माणसं नवी यंत्रं घेऊन टेकड्या चढत राहिलो. तिशीतही आणि पन्नाशीतही, वर पोचून पहिली चाचणी घेताना माझ्या अंगावर काटा यायचा. तारही नाही, दोरीही नाही, आणि पलीकडच्या खोऱ्यातून हवालदार म्हणतोय, "मैडम, एकदम साफ़."

फोन करणारेही नाना तऱ्हेचे. शाहपुऱ्याचे एक निवृत्त गृहस्थ रोज संध्याकाळी तक्रार करायचे, की लोक तळ्यातल्या बदकांना शेव खाऊ घालतात. तुलसी नगरच्या एका बाईंचा फोन आला होता, की माकडाने साहेबांचा चष्मा पळवला. फोनवर आमची नसीम होती. ती शांतपणे म्हणाली, "बहनजी, बंदर का हुलिया बताइए." बाई म्हणाल्या, "हुलिया छोड़ो, चश्मा दिलवाओ. बिना चश्मे के ये सुबह से मुझे अम्मा कह रहे हैं." नसीमने गाडी पाठवली नाही, पण फोनही ठेवला नाही. माकडापुढे केळं धरा, ते हात मोकळे करायला चष्मा सोडेल, असं सांगितलं. चष्मा मिळाला.

नसीम म्हणजे फोनवर बसणारी हेड कॉन्स्टेबल. जुन्या भोपाळची, माझ्याहून बरीच लहान, जिभेने तिखट. तिच्या शेजारच्या टेबलावर वायरलेसवर चौबेजी. दोघांचं दिवसभर भांडण चालायचं, पंख्याच्या वेगावरून, खिडकीवरून, चौबेजींच्या डब्यातल्या लसणावरून. फोनची घंटी वाजली की भांडण तिथेच थांबायचं आणि फोन संपला की त्याच शब्दापासून पुढे सुरू व्हायचं.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या टप्प्यात नवी संगणक यंत्रणा आली. ती बसवून घेण्याचं काम माझ्याकडेच होतं. मी तिच्या बाजूची होते, आणि आहे. फोन वाजताच पडद्यावर शहराचा नकाशा उघडतो, फोन साधारण कुठून आला त्याचं वर्तुळ दिसतं, जवळची गाडी यंत्र स्वतः शोधतं, आणि त्या गाडीतल्या छोट्या पडद्यावर मजकूर उमटतो. चिठ्ठी नाही, ओरडाआरडा नाही. पहिल्यांदा हे घडताना पाहिलं तेव्हा मी यंत्रापुढे काही क्षण नुसतीच उभी राहिले होते.

पण एक गोष्ट बदलणार होती. जुन्या पद्धतीत वायरलेसवर एक जण बोलला की शहरातल्या सगळ्या गाड्यांना ते ऐकू जायचं. ज्याचं काम नाही तोही ऐकायचा. सतत कलकल चालू असायची. नव्या पद्धतीत प्रत्येक गाडीला फक्त तिचं काम कळणार. आमचे सक्सेना साहेब तरुण होते, हुशार होते आणि नीटनेटकेपणाच्या बाबतीत माझ्याच जातीचे. त्यांना जुनी सामाईक वाहिनी बंद करायची होती.

"मैडम, दोनों चलेंगे तो ये लोग स्क्रीन देखेंगे ही नहीं. आदत नहीं पड़ेगी," ते म्हणाले.

"सर, थोड़े दिन रहने दीजिए," मी म्हटलं. "नया जूता पहनते हैं तो पुराना उसी दिन नहीं फेंकते."

"महीने के आख़िर तक," ते म्हणाले.

ती वाहिनी आजही चालू आहे असं ऐकते. ती का राहिली, ते सांगते.

थंडीचे दिवस होते, भर दुपार. जेवणं नुकतीच झाली होती. नसीमने फोन घेतला आणि लगेच माझ्याकडे वळून हात केला. "मैडम, बच्ची है. घबराई हुई है. हिंदी बोलते-बोलते मराठी में जा रही है. आप लीजिए."

मी दुसरा हेडफोन कानाला लावला. लांबून, जणू फोन जमिनीवर ठेवलेला असावा, एक मुलगी ओरडत होती, "बाबा, सोडू नका. बाबा, माझ्याकडे बघा."

"बाळ, मी मराठीच बोलते आहे," मी म्हटलं. "नाव काय तुझं? काय झालं आहे?"

"शीतल. सासरे टाकीत पडलेत. जमिनीतली टाकी. खूप पाणी आहे, पाय टेकत नाहीत त्यांचे."

हळूहळू कळलं ते असं. ती वरुडची. लग्न होऊन आठवडाही झालेला नव्हता. नवरा कामावर, त्याचा फोन लागत नव्हता. सासूबाई गावी लग्नाला गेलेल्या. घर एका नव्या कॉलनीत, आजूबाजूला नुसते रिकामे प्लॉट. सकाळी टँकरवाला अंगणातली टाकी भरून गेला होता. पाणी किती आलं ते पाहायला सासरे झाकण सरकवून वाकले आणि आत गेले. दोरीवर सासूबाईंची नऊवारी वाळत होती, ती हिने आत सोडली. सासऱ्यांनी ती हाताला गुंडाळली होती. दुसरं टोक धरून ही टाकीच्या तोंडाशी पालथी पडली होती, फोन बाजूला, स्पीकर चालू.

"शीतल, पत्ता सांग."

"मला माहीत नाही हो ताई. मी रात्रीच्या गाडीने आले, झोपेत होते. कॉलनीला नावच नाही अजून."

तोवर पडद्यावर वर्तुळ उमटलं होतं. मोठ्या तलावाच्या उत्तर काठावर, बैरागढच्या बाजूला. यंत्राने तिथल्या दोन गाड्यांना मजकूर पाठवलासुद्धा. त्या निघाल्याचं पडद्यावर दिसत होतं. सगळं जसं व्हायला हवं तसं होत होतं.

"पाठवल्यात गाड्या," मी तिला म्हटलं. "आता आधी एक कर. साडीचं टोक कशाला बांधता येईल तिथे? खांब, गेट, काही?"

"भिंतीतून सळया वर आल्यात."

"पोचेल साडी?"

"नऊवारी आहे, पोचेल."

"मग सळईला गाठ मार. दोन गाठी. आणि परत बाबांचा हात धर."

ती उठली असावी. टाकीतून म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला, पोकळ, भांड्यात बोलल्यासारखा. "शीतल, राहू दे गं. तूही पडशील."

"बाबा, गप्प बसा. मी पोलिसांशी बोलतेय."

"पोलीस कशाला बोलावलेस? लोक काय म्हणतील?"

"इथे लोक आहेत कुठे, बाबा?"

नसीमने माझ्याकडे पाहिलं. मराठी तिला येत नव्हती, पण एवढं तिला कळलं होतं. तिच्या ओठांवर हसू आलं आणि लगेच गेलं.

गाठ बसली. मुलगी परत आली. मी विचारलं, "तिथून काय काय दिसतं, सांग बरं. दुकान, देऊळ, टॉवर, काहीही."

"काही नाही हो. झुडपं. मग तलाव. पाणी समोर आहे, आणि ऊन मागून, पाठीवर येतंय. हात थंड पडलेत पण पाठ भाजतेय नुसती."

मी ते ऐकलं, पुढचा प्रश्न विचारण्यासाठी तोंड उघडलं, आणि थांबले. मुलांनो, कागद घेऊन तळं काढा. थंडीत दुपारी आपल्याकडे सूर्य दक्षिणेला कललेला असतो. उत्तर काठावर उभं राहून पाण्याकडे तोंड केलंत, तर ऊन तोंडावर येईल. पाणी समोर आणि ऊन पाठीवर असेल, तर तुम्ही दक्षिण काठावर आहात. तिच्या फोनने मोकळ्या पाण्यावरून पलीकडच्या काठावरचा टॉवर धरला होता. मधे अडवायला काहीच नव्हतं. यंत्र खोटं बोलत नव्हतं, त्याला टॉवर दिसत होता, मुलगी दिसत नव्हती. आणि दोन्ही गाड्या तलावाच्या भलत्या बाजूला धावत होत्या. तिथून दक्षिण काठाला यायचं तर सगळं तळं वळसा घालून यावं लागतं.

"चौबेजी," मी म्हटलं, "बच्ची इस पार है. भदभदा, नीलबड, उस तरफ़ कहीं."

"कहीं मतलब?" चौबेजी म्हणाले. "उधर तो अब कॉलोनियाँ ही कॉलोनियाँ हैं, मैडम. आधी का नाम नहीं, आधी का रास्ता नहीं."

नसीम डोळे मिटून ऐकत होती. "मैडम, उसके फ़ोन में कुत्ता भौंक रहा है, दूर कहीं. साफ़ आ रहा है. कुत्ता आ रहा है तो सायरन भी आएगा."

"सब एक साथ बजाएँगे तो क्या पता चलेगा किसका है," चौबेजी म्हणाले आणि बोलता बोलताच त्यांचा हात जुन्या वाहिनीच्या बटणाकडे गेला. "बारी-बारी से बजवाते हैं."

असं कुठल्या पुस्तकात लिहिलं असेल, कुठल्या दूरच्या शहरात करतही असतील. आम्ही त्या दुपारी पहिल्यांदाच करत होतो. चौबेजी सामाईक वाहिनीवर म्हणाले, "सब गाड़ियाँ सुनें. जान का मामला है. जिसका नाम लूँ वही बोले. बाकी सब चुप."

मी त्या वाहिनीची कलकल कितीतरी वर्षं ऐकली होती. गर्दी, अपघात, साहेबांचा दौरा, कोणाची गाडी बंद पडली, कोणी जेवायला जाऊ का विचारतोय. ती एका वाक्यासरशी थांबली. सगळ्या शहरातल्या गाड्या, प्रत्येकीत दोन-तीन माणसं, प्रत्येकाजवळ सांगण्यासारखं काहीतरी, आणि कोणीही बटण दाबत नव्हतं. मी चर्चमधली शांतता पाहिली आहे, देवळाच्या गाभाऱ्यातलीही. पण ही शांतता एवढ्या मोठ्या शहरावर पसरलेली होती, आणि ती एका अनोळखी म्हाताऱ्यासाठी धरलेली होती.

दक्षिण बाजूला आमच्या दोनच गाड्या होत्या. चौबेजींनी भदभद्याच्या गाडीला सायरन द्यायला सांगितलं. नसीमने हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरले.

"शीतल, काही ऐकू येतं?"

"नाही."

नसीमने मान हलवली. सायरन बंद. मग रातीबडच्या रस्त्यावरची गाडी. नाही. दोन्ही गाड्यांना पुढे सरकायला सांगितलं. पुन्हा एक, पुन्हा दुसरी. नाही.

"ताई, बाबांचा हात सुटतोय माझ्या हातातून. ओला आहे."

"हात नको, मनगट धर. बाबांना म्हणावं, साडीचा आणखी एक वेढा घ्या. बाबांना बोलतं ठेव. काहीही विचार त्यांना."

"बाबा, आई कधी येणार आहेत?"

"रविवारी," टाकीतून आवाज आला. बराच बारीक झालेला. "तिला सांगू नकोस हे. तिची साडी..."

तेवढ्यात वाहिनीवर एक आवाज आला. नाव घेतलेलं नसताना. "कंट्रोल, माफ़ी. क्रेन दो बोल रहा हूँ. ट्रैफ़िक वाली. नीलबड से आगे हूँ, ट्रक खींचने आया था. हुकुम हो तो मैं भी बजाऊँ? हूटर ज़रा फटा हुआ है अपना."

मी पडद्याकडे पाहिलं. त्या बाजूला क्रेन दिसत नव्हती. दिसणारही नव्हती. चुकीच्या जागी लावलेल्या गाड्या उचलणारी क्रेन वाहतूक शाखेची. नव्या यंत्रणेत तातडीच्या गाड्यांमध्ये तिचं नावच नव्हतं. तिच्यात होता फक्त जुना वायरलेस सेट, आणि त्यावर ती आमचं सगळं ऐकत होती.

"बजाओ, भाई," चौबेजी म्हणाले.

काही क्षण फक्त शीतलचा श्वास. मग ती म्हणाली, "ताई, कुठेतरी म्हैस ओरडतेय."

नसीमचा हात वर गेला.

"बंद करो," चौबेजी म्हणाले. म्हैस थांबली. "बजाओ." म्हैस ओरडली.

आता क्रेनवाल्याला वाट दाखवायची होती. क्रेन थोडी पुढे गेली की चौबेजी हूटर द्यायला सांगत, नसीम ऐकून बोटांनी खूण करी, वाढला किंवा कमी झाला, आणि चौबेजी त्याला वळवत. "कम हो गया. पीछे लो. पहले वाले मोड़ से पानी की तरफ़." लहान मुलं वस्तू लपवून दुसऱ्याला जवळ-लांब सांगत शोधायला लावतात, अगदी तसं. तीन जाणती माणसं तो खेळ खेळत होती, आणि माझ्या कानात ती मुलगी सासऱ्यांना विचारत होती, की वरुडची संत्री गोड की नागपूरची. म्हाताऱ्याने उत्तर दिलं नाही. तिने पुन्हा विचारलं. पुन्हा नाही.

"बाबा," ती म्हणाली. नुसतं एवढंच.

मग तिच्या फोनमध्ये हूटर इतका मोठ्याने वाजला, की नसीमने हेडफोन कानांवरून ओढून काढले. "बस, बस. पहुँच गया."

त्यानंतर आम्ही नुसतं ऐकलं. गेट आपटलं. बूट धावत आले. "हटो बेटा, हटो. दादाजी, सुन रहे हो? ऐ मुन्ना, पट्टा ला, क्रेन का पट्टा. बगल से डाल." धापा, पाण्याची मोठी खळबळ, कोणीतरी शिवी दिली, कोणीतरी देवाचं नाव घेतलं. मग काहीच नाही. सक्सेना साहेब कधी आत येऊन माझ्या खुर्चीमागे उभे राहिले मला कळलं नव्हतं. त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर होता.

मग खोकला. लांबलचक, ओला, घाणेरडा खोकला. एवढा सुंदर आवाज मी टेकडीवरही कधी ऐकला नव्हता.

बऱ्याच वेळाने शीतलने फोन उचलला असावा. "ताई?"

"बोल, बाळ."

"आहेत," ती म्हणाली. "बाबा आहेत."

आणि मग, नाक ओढत, आपल्या माणसांत पहिल्या भेटीला विचारतात तसं तिने विचारलं, "तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"नागपूरच्या," मी म्हटलं. मग मी नसीमला खूण केली. तिने आपले हेडफोन पुन्हा कानांवर चढवले, आणि दवाखान्याची गाडी येईपर्यंत काय करायचं ते शीतलला हिंदीत सांगू लागली. ओले कपडे काढा, गोधडी गुंडाळा, आडवं करा, तोंडात काही घालू नका.

आमच्या धंद्यात एक खंत कायमची असते. आम्हाला गोष्टीची सुरुवात कळते, शेवट कळत नाही. फोन बंद होतो आणि दुसरा वाजतो. शहरभरच्या त्या गाड्यांतल्या माणसांना तर सुरुवातही अर्धीच कळलेली असते. त्या दुपारी त्यांनी चौबेजींचं "कम हो गया" आणि "पीछे लो" ऐकलं होतं, आणि क्रेनवाल्याचं "मिल गया, कंट्रोल." पुढे काय, ते नाही.

चौबेजींनी चष्मा पुसला, बटण दाबलं आणि नेहमीच्या कोरड्या आवाजात म्हणाले, "सब गाड़ियाँ, चैनल खुला है. अपना-अपना बोलें."

कोणी बोललं नाही. इतका वेळ अडकलेले निरोप असतीलच प्रत्येकाकडे. चौबेजी वाट पाहत राहिले. मग लांबच्या कुठल्या तरी गाडीतून एक आवाज आला. आपला क्रमांक न सांगता, म्हणजे सगळे नियम सोडून. "कंट्रोल... दादाजी ठीक हैं?"

चौबेजींनी माझ्याकडे पाहिलं. मी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनीच पुढे होऊन, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, त्या जुन्या सेटचं बटण दाबलं.

"ठीक हैं," ते म्हणाले. "आप लोग थे, इसलिए ठीक हैं."

वायरलेसवर काही न बोलता नुसतं बटण दाबून सोडलं, की दुसऱ्या टोकाला 'खट्' असा बारीक आवाज येतो. पोचलं, एवढाच त्याचा अर्थ. आधी एक आला. मग दुसरा. मग तळ्याच्या त्या काठावरून, या काठावरून, टेकड्यांमागून, स्टेशनाकडून, कारखान्याच्या बाजूने ते येतच राहिले, आणि आम्ही चौघं तो पाऊस थांबेपर्यंत हललो नाही.